चौथ्या पानावरचा दाणा

"एकही नाही?"

"एकही नाही, बाबा."

रेवणबाबांनी वाटी हातात घेतली. ज्वारीच्या दाण्यांनी ती काठोकाठ भरलेली होती. त्यांनी वरून तळवा फिरवला. दाणे सपाट होते, भरून दिले होते तसेच.

"वर्षभरात?"

"मागच्या श्रावणापासून."

विश्वंभरच्या आवाजात अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटली नाही.

त्या टेकडीवरच्या मठाची एक रीत होती. पोथी वाचायला बसणाऱ्यानं शेजारी ज्वारीची वाटी ठेवायची. वाचता वाचता जिथं काही कळलं नाही, त्या ओळीवर एक दाणा ठेवायचा आणि पुढं जायचं. संध्याकाळी दाण्यांसकट पान बाबांपुढं आणायचं. दुसऱ्या दिवशीचं वाचन त्या दाण्यापासून सुरू व्हायचं, मग आदल्या दिवशी तुम्ही कितीही पुढं गेलेले असा.

पहिल्या वर्षी विश्वंभरचे दाणे इतके पडत की पान उचलताना ते सांडत. दुसऱ्या वर्षी चार-दोन पडले. तिसऱ्या वर्षी वाटीला हात लावायची वेळच आली नाही. तीस पानांची पोथी त्यानं सत्तावीस वेळा वाचली होती. कुठलंही पान काढा, तो उतारावरच्या पाण्यासारखा वाचत सुटे.

"म्हणजे सगळी कळली," बाबा म्हणाले.

"हो."

"बरं झालं. मला कळायची आहे अजून."

विश्वंभर नुसता हसला. म्हातारी माणसं असं बोलतातच, हे त्यानं गृहीत धरलं होतं.

"बाबा, आज अमावास्या. उद्या श्रावण लागतो."

"लागू दे."

"दुपारी कासारखेडचा माणूस येईल. त्याला काय सांगायचं?"

बाबांचे दोन्ही डोळे गेलेले होते, त्यामुळे ते विचार करताहेत की त्यांना डुलकी लागली आहे, हे बघून कळत नसे.

टेकडीच्या पायथ्याला कासारखेड होतं. तिथं श्रावणभर देवळात रोज एक पान वाचलं जाई. मठातून पोथी खाली जाई आणि पोथीबरोबर सांगणारा जाई. आधी पान वाचायचं आणि मग ते लोकांना उलगडून सांगायचं, हे त्याचं काम. बावीस वर्षं ते नाथाजींनी केलं. यंदा त्यांचे गुडघे गेले, आणि उन्हाळ्यातच ते लेकीकडे राहायला गेले.

गावानं निरोप पाठवला होता. मठानं माणूस दिला तर उत्तम. नाही दिला तर नाथाजींचं गेल्या वर्षीचं वाचन कुणीतरी मोबाइलवर भरून ठेवलं आहे, तेच देवळाच्या भोंग्यावर लावू.

त्या निरोपानं विश्वंभरची झोप उडाली होती. कॉलेजात असताना त्यानं धडेच्या धडे पाठ करून पहिले आलेले विद्यार्थी पाहिले होते. सप्ताहात घड्याळाकडे बघत ग्रंथ संपवणारी माणसं पाहिली होती. सगळे वाचतात आणि आत काहीच उतरत नाही, याची त्याला चीड होती. त्यासाठीच तो घर सोडून इथं आला होता. आता दोनशे पानांची एक जाड वही त्याच्याजवळ तयार होती. पोथीतल्या प्रत्येक ओळीचा अर्थ त्यानं तीत लिहून काढला होता. कासारखेडातला एकही माणूस यंदा अर्थाशिवाय घरी जाणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

अडत होतं ते एवढ्यावरच. बाबा 'जा' म्हणत नव्हते.

"ते भोंगा लावतील, बाबा."

"लावतील."

"यंत्र वाचेल आणि माणसं माना डोलावतील. तुम्हाला चालेल हे?"

"स्पष्ट वाचतं का ते यंत्र?"

"स्पष्ट वाचतं हो. पण त्याला कळतंय काय? ते कुठं थांबत नाही. कुठं अडत नाही. सुरू केलं की शेवटपर्यंत एकसारखं..."

बाबांनी भरलेली वाटी उचलली आणि त्याच्यापुढं ठेवली.



बाहेर पावसानं उघडीप दिली होती. पागोळ्या अजून गळत होत्या. ओसरीच्या पायऱ्यांवर कुणीतरी पाय आपटून चिखल झाडला, आणि डोक्यावर घागर घेऊन सगुणाआक्का आत आली.

आक्का टेकडीच्या मधल्या वस्तीवर राहायची. मठाला प्यायचं पाणी तीच आणायची. घागर उतरवली की भिंतीला टेकून बसायची, चाललेलं वाचन ऐकायची आणि मग रिकामी घागर घेऊन उतरायची. तिला अक्षर येत नव्हतं.

"आज आवाज न्हाई कसा?" ती म्हणाली. "या टायमाला ईसंभरम्हाराजांची गाडी सुटलेली आसती."

"सुटेल आता," बाबा म्हणाले. "विश्वंभर, चौथं पान काढ."

"चौथं?"

"चौथं."

त्याला जरा गंमत वाटली. पोथीतलं सगळ्यात सोपं पान म्हणजे चौथं. त्यात एकही जोडाक्षर अवघड नव्हतं. त्याच्या वहीत मात्र त्या एका पानाचा अर्थ नऊ पानं भरून होता.

त्यानं पोथीचा रुमाल सोडला, पान काढलं आणि खड्या आवाजात वाचलं.

'दुसऱ्या दिवशी शिष्य पुन्हा घागर घेऊन विहिरीवर गेला. विहिरीपाशी एक गाडीवान बसला होता. त्याचे बैल मोकळे उभे होते. दुपार टळण्याच्या आत शिष्य भरली घागर घेऊन परतला. घागरीच्या गळ्याला लाल सुताचा धागा चिकटला होता. गुरूंनी त्या धाग्याकडे पाहिलं. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, आज तू दोघांची तहान भागवलीस. त्या रात्री शिष्य गाढ झोपला. गुरू जागे होते.'

बाबांनी हात पुढं केला. पान चाचपलं. आणि ते जमिनीवर पालथं घातलं.

"आता सांग."

विश्वंभर याचीच वाट बघत होता. त्यानं मांडी नीट घातली.

"इथं विहीर म्हणजे अंतःकरण आहे. घागर म्हणजे देह. घागरीच्या गळ्याला लाल धागा आहे, तो मायेचा पाश. रक्तवर्ण, म्हणून वासना. मोकळे बैल म्हणजे इंद्रियं, ती अजून आवरलेली नाहीत. आणि दोघांची तहान म्हणजे जीव आणि शिव, या दोघांची. म्हणून तर गुरू..."

"हे कुठं आहे?"

"वहीत आहे."

"वहीत असू दे. पानावर काय झालं ते सांग."

"पानावर?" विश्वंभर क्षणभर थांबला. "पानावर काय... शिष्य विहिरीवर गेला. पाणी आणलं. गुरू प्यायले. दोघांची तहान भागवलीस म्हणाले. झालं."

"झालं?"

"एवढंच आहे, बाबा."



भिंतीपाशी आक्का चुळबुळत होती. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "इचारू का?"

"विचार," बाबा म्हणाले.

"पानी काडलं कशानं?"

विश्वंभरला आधी प्रश्न कळलाच नाही. "कशानं म्हणजे? घागरीनं."

"घागर सोडली कशानं?"

"दोरानं, आक्का. विहिरीतनं पाणी आणखी कशानं काढतात?"

"कंच्या दोरानं? दोर तर हिरीत पडला हुता."

"कधी?"

"तूच वाचतोस की रं. काल वाचलंस, परवा वाचलंस."

विश्वंभरनं बाबांकडे पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"पुढं कुठंतरी दुसरा दोर आणल्याचं असेल," तो म्हणाला, आणि पाचव्या पानाला हात घातला.

"पुढं नाही," बाबा म्हणाले. "मागं."

त्यानं तिसरं पान काढलं. या वेळी आवाज खडा नव्हता. पानाच्या अखेरीला ते होतंच, सत्तावीस वेळा वाचलेलं.

'घागर काठावर ठेवून शिष्य तिच्या गळ्याला दोर बांधत होता. दोर हातातून निसटला आणि विहिरीत गेला. पाणी खोल होतं. शिष्य रिकामी घागर घेऊन परतला. गुरू काही बोलले नाहीत.'

वहीत या ओळींचाही अर्थ होता. दोर सुटणं म्हणजे अहंकार गळणं. तो अर्थ त्याला शब्दन् शब्द आठवत होता. दोर पडला आहे, एवढं मात्र त्याला कधी दिसलं नव्हतं.

"मग पाणी आलं कसं?" त्यानं विचारलं. कुणाला विचारलं, ते त्यालाही कळलं नाही.



त्यानं चौथं पान उलटं केलं आणि पुन्हा वाचलं, मनातल्या मनात, एकेका शब्दावर बोट ठेवून. शिष्य घागर घेऊन गेला. नुसती घागर. विहिरीपाशी गाडीवान बसला होता...

"हा गाडीवान तिथं कशाला बसलाय?" तो पुटपुटला.

"आत्ता कसं," आक्का म्हणाली.

"तुला माहीत आहे?"

"मी काय वाचलंय व्हय? मी आपली आयकलंय. पन माज्या घरी बत्तीस वर्सं गाडी-बैल हुतं. मालक कासारखेडच्या बाजाराला भाडी मारायचं. एक सांग, बैल मोकळं कसं?"

"सोडले असतील चरायला."

"कशाव चरायला? दुस्काळ न्हाई का त्यो? पयल्या पानाव तूच वाचतोस, गवताची काडी न्हाई म्हून. आसल्या दिसांत बैल मोकळं सोडत्यात का कुनी? वासावासानं जात्याल चार कोस. गाडीवान गाडी सोडली की आदी बैल बांदतो. मग तंबाकू काडतो."

"मग यानं का बांधले नाहीत?"

आक्कानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत हसू होतं.

विश्वंभर पानाकडे बघत राहिला.

बैल मोकळे होते... कारण दावी त्यांच्या गळ्यात नव्हती. कासरेही नव्हते. कासरे आणि दावी एकमेकांना जोडली होती, आणि त्यांचं दुसरं टोक घागरीच्या गळ्यात होतं.

"लाल धागा," तो म्हणाला. "आक्का, कासऱ्याला लाल..."

"गोंडं आसत्यात. पोळ्याला नवं बांदत्यात. वरसभरात जुनं झालं की त्येचं सूत गळतं. सगळ्या भांड्याकुंड्यास्नी चिकटतं. मी कितींदा निवडलंय."

"म्हणजे गाडीवानाकडे दोर होता."

"व्हय."

"मग त्यानंच पाणी का नाही काढलं? तो तिथं नुसता का बसला होता?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडता पडता त्याला उत्तर दिसलं. विहिरीच्या काठावर एक तहानलेला माणूस बसला होता. त्याच्याकडे दोर होता आणि घागर नव्हती. समोरून दुसरा माणूस येत होता. त्याच्याकडे घागर होती आणि दोर नव्हता.

दोघांची तहान.

पागोळ्या थांबल्या होत्या. मठात इतकी शांतता होती की खाली कासारखेडात कुणी तरी लाकूड फोडत होतं, त्याचे घाव वर ऐकू येत होते.

विश्वंभरनं वहीकडे पाहिलं नाही. ती त्याच्या मांडीला लागूनच होती. त्यानं ती हळूच मागं सारली.

"आक्का," तो म्हणाला, "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"म्हाईत कसलं? तू येन्याआदीपास्नं मनात हुतं. बैल मोकळं कसं, म्हून."

"मग तीन वर्षांत मला बोलली का नाहीस?"

"तू थांबलास कवा?"

त्यानं ज्वारीची वाटी जवळ ओढली.

"आन् मला वाटलं, शिकलेला मानूस हाय, त्येला ठावंच आसंल. मोठं काय तरी सांगत हुतास त्या येळंला. माया का काय ती. म्या म्हनलं, बैलांचं काय इचारावं त्येला."

बाबांच्या खांद्यांना हलकासा हेलकावा बसला. ते हसत होते, आवाज न करता.

"एक राहिलंच," आक्का म्हणाली. "बैलांनी बी पानी प्यालं आसंल का न्हाई? ज्येचं कासरं, त्येचीच बैलं. मग चौघं झालं. गुरू दोगंच का म्हनला?"

विश्वंभरनं तोंड उघडलं. त्याच्याजवळ तीन तयार उत्तरं होती. तिन्ही वहीतली.

तोंड मिटून त्यानं वाटीत हात घातला, एक दाणा उचलला आणि चौथ्या पानावर, 'दोघांची' या शब्दावर ठेवला.

वर्षभरातला तो पहिला दाणा.

बाबांनी तो ठेवल्याचा आवाज ऐकला असावा. ते भिंतीला टेकले आणि त्यांनी पाय लांब केले.

विश्वंभर पोथी, वाटी आणि घोंगडी घेऊन अंगणातल्या आंब्याखाली जाऊन बसला. त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. आक्का घागर घेऊन उतरायची, ती उतरली नाही. जरा अंतरावर दगडावर टेकली.

तो एक पान वाचे, पालथं घाली आणि काय झालं ते तिला सांगू लागे. सांगताना मधेच त्याची गाडी रुते. तेव्हा तो पान उलटं करून बघे. कधी ते पानावर असे आणि त्यानं सोडलेलं असे. कधी ते पानावर नसेच, त्यानं आपल्या पदरचं घातलेलं असे. दुसरा प्रकार जास्त निघाला, आणि त्याची त्याला जास्त लाज वाटली.

"फुडं काय हुईल?" पान उलटायच्या आधी आक्का विचारी.

"मला माहीतच आहे पुढं काय ते."

"म्हाईत न्हाई आसं धर की."

तसं धरणं फार अवघड गेलं. सातव्या पानाशी मात्र त्यानं खरोखरच चुकीचं सांगितलं. पान उलटलं आणि तो आपलाच आपल्याशी हसला. तीन वर्षांत त्या पोथीनं त्याला चकवलं नव्हतं.

एकदा तो डोळे मिटून दुष्काळातलं ते गाव डोळ्यांसमोर आणत होता. झाड कुठं, विहीर कुठं, गुरूंची झोपडी किती लांब. तेवढ्यात एक चिमणी उतरली आणि पानावरचा दाणा उचलून उडाली.

"अरे... कुठं होता तो?"

"मला इचारतोस?" आक्का म्हणाली. "वाच आता पुन्यांदा."

त्यानं पुन्हा वाचलं. दाणा कुठं होता ते सापडलं. त्याच्या अलीकडं आणखी एक जागा सापडली, तिथं दाणा ठेवायचा राहून गेला होता.

दुपार कलली तेव्हा तो नवव्या पानावर होता, आणि नऊ पानांवर मिळून सतरा दाणे पडले होते.

धोंडीराम चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती. कासारखेडच्या देवळाची व्यवस्था तोच बघायचा. त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, आक्काला हात केला आणि उभ्यानंच बोलायला लागला.

"काय ते एकदाचं सांगा, बाबा. भोंगा बांधून झालाय. वायर तेवढी जोडायची राहिलीय. माणूस देताय का वायर जोडू?"

"विश्वंभरला विचार," बाबा म्हणाले.

सकाळी हे वाक्य कानावर पडलं असतं तर विश्वंभर उडी मारून उभा राहिला असता. आता तो आंब्याखालून सावकाश उठला. गुडघ्यांना घोंगडीचे वळ उमटले होते.

"धोंडीरामदादा, मी सांगणारा म्हणून नाही येऊ शकत."

"का? ताप-बीप हाय का काय?"

"मला कळत नाही. नऊ पानांत सतरा ठिकाणी अडलोय. अजून एकवीस पानं बघायची आहेत. लोकांना काय सांगू? लोक विचारतील, आणि मला..." त्यानं बाबांकडे पाहिलं. "बाबा, सकाळी सगळी कळली म्हणालो ते चुकलं. मी तयार नाही."

धोंडीरामनं डोकं खाजवलं. "म्हंजी वायर जोडू?"

बाबा उठले. हातानं खांब धरून ओसरीच्या कडेपर्यंत आले.

"नाथाजी सांगायचा तेव्हा तुम्ही काय करायचा, धोंडीराम?"

"खरं सांगू का, बाबा? मानूस लई चांगला. पन दिवसभर रानात राबून आलेलो आसतोय आमी. त्यो सांगायला बसला की आमचा डोळा लागायचा. आरतीला बायका उठवायच्या."

"कुणी काही विचारायचं का त्याला?"

"इचारायचं काय? त्येला सगळं ठावं हुतं."

बाबांनी मान हलवली. मग विश्वंभरच्या दिशेनं तोंड केलं.

"किती म्हणालास? सतरा?"

"सतरा."

"एवढे पुरतील. जा आता."

विश्वंभर बघत राहिला. "बाबा... आत्ताच तर म्हणालो, मला सांगता येणार नाही."

"ऐकलं मी. जा."

"पण मग तिथं बसून करू काय?"

"आज दिवसभर काय केलंस?"

आक्कानं रिकामी घागर काखेत घेतली. "चल मी बी येते देवळापातूर. फुडच्या वाकनात शेवाळ धरलंय, पाय घसरंल तुजा. पडलास तर पोथी भिजंल."

विश्वंभर आत गेला. पोथी रुमालात बांधली. ज्वारीची वाटी एका कापडात गुंडाळली. मग वही उचलली. दोनशे पानं, तीन वर्षं... ती त्यानं थोडा वेळ हातात धरली आणि बाबांच्या कोनाड्यात, दिव्याच्या वाती असायच्या त्यांच्या मागं, ठेवून दिली.

तो बाहेर आला, बाबांच्या पाया पडला आणि पायऱ्या उतरू लागला. धोंडीराम आणि आक्का पुढं गेले होते.

"विश्वंभर."

तो वळला.

"चौथं पान दे जरा."

त्यानं ओसरीवर बसून पुन्हा रुमाल सोडला आणि पान बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते मांडीवर पसरलं. त्यांचं बोट खालच्या कडेनं सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथं कागदाला बारीक खळगा पडला होता. विश्वंभरला तो खळगा माहीत होता. कसर लागली असेल, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

बाबांनी धोतराच्या सोग्याला मारलेली गाठ सोडली. तीतून एक ज्वारीचा दाणा काढला. जुना, काळपट, किडीनं आतून पोखरलेला, नुसतं टरफल राहिलेला. तो त्यांनी खळग्यात ठेवला. दाणा तिथं बरोबर बसला.

विश्वंभर वाकला आणि दाण्याखालची ओळ वाचली.

'गुरू जागे होते.'

सत्तावीस वेळा तो या ओळीवरून पुढं गेला होता. वहीत तिचा अर्थ दोन ओळींत आटोपला होता.

"का जागे होते, बाबा?"

बाबांनी पान दाण्यासकट त्याच्या हातात दिलं.

"एकोणीस वर्षं झाली अडून. खाली विचारून बघ कुणाला. आणि कळलं, तर मला सांगायला ये."